अकलूजची कॅबरने आणि खामगावचा उन्हाळा

मे महिन्यात वऱ्हाडातल्या खामगावचा पारा 44 अंशांच्या आसपास रेंगाळतो तेव्हा फडताळात उभी ठेवलेली रेड वाइन एकाच उन्हाळ्यात वाया जाते. वाइन तापून फुगते, बूच वर ढकलते, बुचाच्या कडेने चिकट ओघळ येतो. आत उरतं ते उकळलेल्या मनुकांच्या चवीचं काहीतरी. ही बाटली कॅबरने सोव्हिन्याँची असेल तर नुकसान जास्तच, कारण द्राक्षाची ही जात मुरण्यासाठीच जन्माला आली आहे. महाराष्ट्रात चांगली कॅबरने पिकते. आपण तिला मुरू देत नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

कॅबरनेचा मणी छोटा, साल जाड, गर कमी, बिया मोठ्या. रंग आणि तुरटपणा सालीत आणि बियांत असतो, त्यामुळे रसाच्या मानाने दोन्ही भरपूर मिळतात. कॅबरने फ्रँक आणि सोव्हिन्याँ ब्लाँ यांच्या आपोआप झालेल्या संकरातून ही जात आली, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शास्त्रज्ञांनी 1997 मध्ये डीएनए तपासून दाखवलं. तोपर्यंत तिचं मूळ हा निव्वळ तर्काचा विषय होता.

सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज म्हणजे नीरेकाठचा ऊस आणि साखर कारखाना. तिथे 2006-07 च्या सुमारास भावांच्या तीन जोड्या एकत्र आल्या: अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की. टस्कनीतले वाइनमेकर पिएरो मासी यांना त्यांनी बरोबर घेतलं आणि फ्रातेल्ली ही वायनरी उभी राहिली. मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव इथल्या जमिनींवर फ्रान्सहून आणलेली रोपं लावली. ‘सेत्ते’ ही त्यांची नावाजलेली रेड सांजोवेजे आणि कॅबरने यांच्या मेळातून होते. नुसत्या कॅबरनेची बाटलीही ते काढतात.

फ्रान्समधल्या बोर्डोच्या वेलीला थंडी झोपवते. अकलूजच्या वेलीला झोप नाही, म्हणून तिचं वर्ष कात्रीने ठरवावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि नवी काडी तयार व्हायला लागते. पावसाळा ओसरताना गोडी छाटणी होते. तेव्हा डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावतात. पहिल्या छाटणीत फळ धरायचं नसतं, काडी पोसायची असते. दुसऱ्या छाटणीची तारीख चुकली तर घड पावसात सापडतो, नाहीतर मार्चच्या उन्हात. कॅबरने उशिरा पिकणारी असल्याने तिला दोन्हींचा धोका जास्त. उन्हाने साखर झरझर चढते आणि आम्ल उतरतं, पण सालीचा तुरटपणा पिकायला त्याहून जास्त दिवस लागतात. म्हणून तोडणीचा दिवस ठरवताना बागेत नुसती ब्रिक्स, म्हणजे साखर, मोजून भागत नाही. मणी चावून बी तपकिरी झाली का आणि साल दातांखाली सहज सुटते का, हेही बघावं लागतं. माझ्या मते आपल्या कॅबरनेची निम्मी गुणवत्ता तोडणीआधीच्या या आठवडाभरात ठरते.

एकाच बागेची वाइन मोलाची का, हे इथे कळतं. अनेक वायनऱ्या वेगवेगळ्या शेतकऱ्यांकडून द्राक्षं घेऊन एकत्र करतात. त्यात गैर काही नाही, चव सारखी राखायला ते उपयोगीच पडतं. पण एका बागेच्या बाटलीत त्या वर्षीचा पाऊस, त्या जमिनीचा निचरा आणि छाटणीचा निर्णय लपवता येत नाही. कमी पावसाचं साल आणि जास्त पावसाचं साल शेजारी ठेवून चाखता येतं.

असं चाखणं किती दूरवर पोहोचतं, हे जगाला वाइन-व्यापारी स्टीव्हन स्परिअर यांनी दाखवलं. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये त्यांनी फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्स आणि कॅलिफोर्नियाच्या वाइनचे ग्लास नावं झाकून ठेवले. रेडमध्ये पहिला नंबर आला कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सच्या 1973 च्या कॅबरनेचा. ती त्यांच्या एसएलव्ही या एकाच बागेची होती आणि वेली जेमतेम तीन वर्षांच्या होत्या. फ्रेंचांचा आक्षेप होता की बोर्डो हळूहळू मुरते, तिला वेळ द्या. आक्षेप रास्त होता आणि त्याचं उत्तर वेळच देऊ शकणार होता. 2006 मध्ये, तीस वर्षांनी, त्याच वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. या वेळी पहिली आली रिजची माँटे बेलो 1971, तीही कॅलिफोर्नियाची, कॅबरनेवरच उभी असलेली. तेच स्परिअर पुढे फ्रातेल्लीच्या मासींबरोबर बसले आणि दोघांच्या नावांतली अक्षरं घेऊन ‘एमएस’ ही मालिका निघाली. मला याचं फार अप्रूप वाटतं. पॅरिसच्या त्या दुपारचा माणूस माळशिरस तालुक्यातल्या, म्हणजे अकलूजच्या, द्राक्षांवर विचार करत होता!

मुरणं दोन टप्प्यांत होतं. आधी ओकच्या पिपात, साधारण 225 लिटरच्या. लाकडातून अगदी थोडी हवा आत जाते, थोडी वाइन उडून जाते, म्हणून पीप वेळोवेळी वरपर्यंत भरावं लागतं. लाकूड व्हॅनिला, लवंग आणि भाजल्याचा वास देतं. मग बाटलीत, जिथे हवा जवळजवळ नाही. तुरटपणा देणारे टॅनिनचे कण एकमेकांना आणि रंगद्रव्यांना जोडत मोठे होतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. जांभळा रंग विटकरी होतो, हिरड्या आवळणारा तुरटपणा मऊ होतो. तापमान 12 ते 15 अंश असेल तर हे संथपणे होतं. खामगावच्या उन्हात वाइनमधलं सगळंच घाईने होतं, पण वेगवेगळ्या गतीने, म्हणून ती मुरण्याऐवजी बिघडते.

खामगावला चाखण्याची कला परकी वाटू नये. 1870 मध्ये जलंबहून खामगावला रेल्वे आली ती कापसासाठी, आणि चिमूटभर रुई अंगठ्यांत धरून ओढली की धाग्याची लांबी सांगणारी माणसं इथल्या कापूस बाजाराला माहीत आहेत. वाइन चाखणं तशीच सवय आहे, फक्त बोटांऐवजी जिभेची. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि मध्याऐवजी कडेचा रंग बघा. न हलवता एकदा हुंगा, मग गोल फिरवून पुन्हा. कच्च्या कॅबरनेत ढोबळी मिरची येते, पिकलेलीत जांभूळ आणि ब्लॅककरंट, मुरलेलीत तंबाखू आणि चामडं. घोट तोंडात फिरवल्यावर हिरड्या किती आवळतात आणि लाळ किती सुटते ते बघा. पहिलं टॅनिन, दुसरं आम्ल. गिळल्यावर चव किती वेळ टिकते, हे शेवटचं आणि माझ्या लेखी सगळ्यात बोलकं.

म्हणून ज्याला खरंच रस आहे त्याने एकाच बागेच्या, एकाच सालाच्या तीन बाटल्या घ्याव्यात. छोटा वाइन फ्रिज मिळाला तर उत्तम. साध्या फ्रिजची थंडी बरीच जास्त आणि कोरडी असते, तिथे बूच वर्षांनुवर्षं ओलं राहत नाही. बाटल्या आडव्या, अंधारात, न हलवता ठेवाव्यात. पहिली लगेच उघडावी, दुसरी तीन वर्षांनी, तिसरी सहा वर्षांनी, आणि दर वेळी कडेचा रंग, वास, तुरटपणा आणि टिकणं यांची टिपणं लिहावीत. प्यायचं तापमान 16 ते 18 अंश, म्हणजे वऱ्हाडात बाटली आधी थोडा वेळ थंड करावीच लागते. तिसरी बाटली हळू ओतावी, तळाचा गाळ बाटलीतच राहू द्यावा.