‘को’-संघर्षाचे विश्लेषण : ‘इगो हात्सुयोरोन’मधील १२० व्या प्रश्नाच्या संदर्भात

प्रस्तावना :
गो या पूर्व आशियाई खेळाचा पट १९ × १९ रेषांचा असून त्यावर ३६१ छेदबिंदू असतात. चारही बाजूंनी वेढली गेलेली सोंगटी पटावरून उचलली जाते. काही रचनांत मात्र दोन्ही पक्ष एकमेकांची एकच सोंगटी आळीपाळीने अनंत काळ मारू शकतात. यास ‘को’ म्हणतात. को दर्शविणाऱ्या चिनी चिन्हाचा मूळ अर्थ ‘लुटणे’ असा आहे. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत हेच चिन्ह संस्कृत ‘कल्प’ या शब्दासाठी योजले गेले. हे अनंत चक्र थांबावे म्हणून तत्काळ प्रतिमार करण्यास नियमाने मनाई आहे. आधी अन्यत्र एक चाल खेळावी लागते. प्रस्तुत लेखात या संघर्षाच्या विश्लेषणपद्धतीचा विचार केला आहे.

को-संघर्षाचे गणित :
अन्यत्र खेळलेली चाल प्रतिस्पर्ध्यास उत्तर देण्यास भाग पाडणारी असावी लागते. तिला ‘को-धमकी’ म्हणता येईल. समजा, को जिंकणे व हरणे यांत ३० गुणांचे अंतर आहे. २४ गुणांच्या धमकीकडे दुर्लक्ष करून को मिटविणे लाभदायक ठरते. ३६ गुणांच्या धमकीस मात्र उत्तर द्यावेच लागते. आता काळ्याने को प्रथम मारला व दोघांकडे प्रत्येकी ३ मोठ्या धमक्या असल्या, तर पांढऱ्याच्या धमक्या आधी संपतात व काळा जिंकतो. पांढऱ्यास जिंकण्यासाठी एक धमकी अधिक हवी. म्हणजेच को प्रथम कोणी मारला, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

१२० वा प्रश्न :
इनोउए घराण्याचे चौथे प्रमुख दोसेत्सु इन्सेकी यांनी १७१३ मध्ये ‘इगो हात्सुयोरोन’ हा १८३ प्रश्नांचा संग्रह सिद्ध केला. सामान्य कूटप्रश्नात ‘को होतो’ एवढे उत्तर पुरेसे असते, कारण उर्वरित पट रिकामा मानलेला असतो. १२० वा प्रश्न संपूर्ण पटाचा आहे. येथे प्रत्येक धमकी प्रत्यक्ष मोजावी लागते. शिवाय निकाल अत्यल्प गुणांनी ठरत असल्याने, स्वतःचा एक गुण गमावणारी धमकी को जिंकून देईल, पण डाव हरवील. धमकीमुळे वेढलेल्या गटांचे मोकळे बिंदूही कमी होऊ शकतात. म्हणून को, गुणगणना व परस्परवेढ्याची शर्यत यांचे विश्लेषण अलग करता येत नाही.

उत्तराची पुनर्तपासणी :
या प्रश्नातील ‘हानेझेकी’ ही दुर्मीळ परस्परजीवी रचना ओळखण्याचे श्रेय जपानचे व्यावसायिक खेळाडू फुजिसावा हिदेयुकी यांना दिले जाते. पुढे युरोपातील हौशी अभ्यासकांनी मान्यताप्राप्त उत्तरांत त्रुटी दाखविल्या. २०१९ मध्ये ‘काटागो’ या संगणकप्रणालीस केवळ या एका प्रश्नासाठी खास प्रशिक्षण देण्यात आले, तेव्हा मानवी नजरेतून निसटलेल्या चाली पुढे आल्या.

समारोप :
वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, को-संघर्षाचे उत्तर स्थानिक नसते. ते समग्र पटाच्या संदर्भातच सिद्ध होते. दोन, उत्तर कोणी दिले यापेक्षा प्रत्येक प्रतिचाल तपासली गेली काय, हे महत्त्वाचे. हौशी अभ्यासकाने तज्ज्ञाचे उत्तर दुरुस्त करावे व यंत्राने उभयतांचे, ही परंपरेची अवहेलना नव्हे. विद्यार्थ्यांपुढे तयार उत्तरे ठेवणाऱ्या आपण अध्यापकांनी या तीन शतकांच्या प्रवासातून हा बोध अवश्य घ्यावा.