चाकांवरचे घर आणि मराठवाड्याची जमीन

बांधलेल्या घराचा पाया एकदाच भरावा लागतो. चाकांवरच्या घराचा मात्र प्रत्येक मुक्कामी नव्याने. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारल्यापासून अशा गाड्यांविषयी आपल्याकडेही कुतूहल वाढले आहे. आई-वडिलांना कुंथलगिरीचे दर्शन घडवावे, मुलांना खरोशाची लेणी, उदगीरचा किल्ला किंवा सहस्रकुंडाचा धबधबा दाखवावा आणि स्वयंपाक व निद्रा आपल्याच गाडीत व्हावी, ही कल्पना कोणालाही आवडेल. परंतु मुक्कामी गाडी समतल उभी करण्याची रीत ठाऊक नसेल, तर हा आनंद धोक्याचा ठरू शकतो.

समतलपणा हा केवळ सुखसोयीचा प्रश्न नाही. जमीन कललेली असली की मोरीचे पाणी एका कोपऱ्यात साचते, दार आपोआप उघडते आणि रात्री उठणाऱ्या वृद्धांचा तोल जातो. काही गाड्यांतील फ्रीज गॅसवर चालतो. त्यातील द्रव गुरुत्वाकर्षणाने वाहत असल्यामुळे गाडी फार कललेली राहिली, तर त्याचे अभिसरण थांबून फ्रीज कायमचा निकामी होऊ शकतो. याहून गंभीर म्हणजे, मोटारीपासून सोडवलेली जड गाडी उताराला लागली, तर ती हातांनी थोपवता येत नाही.

पहिला विचार जागेचा. बँकेच्या सेवेत शेतीकर्जाच्या पाहणीसाठी नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शिवारे पायी फिरावी लागत. तेव्हापासून जमिनीकडे पाहण्याची सवय जडली. मांजरा व गोदावरीच्या खोऱ्यांत खोल काळी माती आहे, तर बालाघाटच्या माळरानांवर मुरूम व खडक. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व दगडासारखी भासते. पण एका पावसात ती फुगते, मऊ होते आणि सायंकाळी समतल केलेली गाडी पहाटे एका बाजूला रुतलेली आढळते. म्हणून मुक्काम मुरमाड जागीच करावा आणि पावसाळ्यात काळ्या रानात गाडी घालूच नये. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या कुटुंबांनी तर दोन तास उजेड शिल्लक असतानाच मुक्काम गाठावा.

पुढचा क्रम कधीही बदलू नये. ओढून नेण्याची गाडी मोटारीला जोडलेली असतानाच प्रथम डावी-उजवी बाजू साधावी. गवंड्याची पाणसळ फरशीवर आडवी ठेवावी आणि जी बाजू खाली असेल तिकडची चाके जाड, रुंद फळ्यांवर सावकाश चढवावीत. विटा वापरू नयेत. त्या भाराखाली अकस्मात फुटतात. फळी किती जाड घ्यावी, हे शाळेतले त्रैराशिक सांगते. २४ इंचांच्या पाणसळीच्या खालच्या टोकाखाली अर्धा इंच जाडीची पट्टी सरकवल्यावर बुडबुडा मध्ये आला आणि दोन्ही बाजूंच्या चाकांतील अंतर ७२ इंच असले, तर चाक त्याच्या तिप्पट, म्हणजे दीड इंच उचलावे लागेल.

त्यानंतर दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून व मागून घट्ट पाचरी लावाव्यात. उसाची ट्रॉली सोडण्यापूर्वी चाकाखाली दगड लावणारा आपल्याकडचा ट्रॅक्टरचालक हेच करतो. पाचरी बसल्याची खात्री झाल्यावरच गाडी मोटारीपासून सोडवावी. या वेळी मुलांना दूर उभे करावे. मग पुढच्या दांडीखालील जॅक फिरवून पुढची-मागची पातळी जुळवावी.

सर्वांत शेवटी चार कोपऱ्यांचे टेकू खाली सोडावेत. या टेकूंचे काम गाडी उचलण्याचे नाही. आत चालताना ती डुलू नये, एवढ्याचसाठी ते असतात. त्यांच्यावर भार घेतल्यास टेकू वाकतो किंवा गाडीचा सांगाडा पिळवटतो. जॅक व टेकू या सर्वांखाली फळी हवीच. चार इंच लांब-रुंद पायाचे क्षेत्र १६ चौरस इंच. बारा इंच लांब-रुंद मजबूत फळीचे १४४. तोच भार नऊपट जागेवर पसरला, की जमिनीवरील दाब एक-नवमांश होतो. उचललेल्या गाडीखाली मात्र कोणीही शिरू नये.

स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या कॅराव्हॅनमध्ये गाडी सोडवण्याचा प्रश्न येत नाही. तरी फळ्या, हँडब्रेक आणि पाचरी तिलाही आवश्यक आहेत. निघताना क्रम उलटा: आधी टेकू उचलावेत, मग मोटार जोडावी आणि पाचरी सर्वांत शेवटी काढाव्यात.

पुरेशा फळ्या, चार पाचरी आणि एक पाणसळ एवढाच हा संसार. गाडी भाड्याने घेताना वातानुकूलन व दूरदर्शन संच पाहण्यापूर्वी या वस्तू आत आहेत किंवा नाहीत, हे आधी पाहावे. पहिला प्रयोग लांबच्या यात्रेत न करता आपल्याच गावातील मोकळ्या मैदानावर, दिवसाउजेडी करून पाहावा. घरच्या दोघांना तरी हा क्रम तोंडपाठ असावा. म्हणजे एकाला विसर पडला, तरी दुसरा त्याला थांबवू शकेल.