बेटावरची कौटुंबिक सहल : मुक्काम एकाच ठिकाणी की दोन ठिकाणी?

राऊ (इंदूर) : गोमंतकीयांना बेट नवीन नाही. दिवाडी असो वा चोडण, फेरीबोट धरावी, काम आटोपावे आणि सायंकाळी घरी परतावे, हा नित्याचा शिरस्ता. मात्र सहकुटुंब चार-पाच दिवस बेटाच्या परिसरात घालवण्याचा बेत ठरला, की पहिला वाद मुक्कामावरून होतो. सर्व रात्री एकाच हॉटेलात काढाव्यात, की दोन-तीन ठिकाणी विभागाव्यात? नर्मदेच्या खोऱ्यातील बेटांकडे जाणाऱ्यांना हा प्रश्न राऊ येथेच सोडवावा लागतो; कारण वाटा इथेच फुटतात.

इंदूरच्या दक्षिणेस असलेले राऊ हे भारतीय व्यवस्थापन संस्थेमुळे आणि पिथमपूरच्या कारखान्यांच्या सान्निध्यामुळे बाहेरगावच्या लोकांना ठाऊक झाले आहे. इथून सरळ दक्षिणेकडे जाणारा आग्रा-मुंबई महामार्ग मानपूरचा घाट उतरून धामणोदमार्गे महेश्वरला पोहोचवतो. बगलमार्गाने पूर्वेकडे वळून तेजाजीनगरहून खंडव्याचा रस्ता धरला, तर सिमरोल, बडवाह आणि मोरटक्का ओलांडून ओंकारेश्वर येते. दोन्ही ठिकाणे राऊपासून सुमारे ७५ ते ८० किलोमीटरवर. खंडवा जिल्ह्यातील इंदिरासागर जलाशयाच्या काठचे हनुवंतिया मात्र याहून बरेच दूर आहे. तिथे पोहोचण्यास तीन ते साडेतीन तास धरावे लागतात.

गणित हॉटेलांचे नव्हे, वेळेचे

समजा, फोंड्याचे एक कुटुंब पिथमपुरात नोकरी करणाऱ्या मुलाकडे राऊ येथे आले आहे. आजी-आजोबा, सून आणि दोन नातवंडे सोबत आहेत. हाताशी पाच दिवस आहेत. मुलाच्या घरीच राहून रोज एकेक ठिकाण पाहून परतावे, हा विचार प्रथमदर्शनी किफायतशीर वाटतो. परंतु केवळ ओंकारेश्वर आणि महेश्वर यांच्या दोन स्वतंत्र फेऱ्या केल्या, तरी गाडी सुमारे ३१० किलोमीटर धावते आणि घाटाचे रस्ते चार वेळा पार करावे लागतात. याउलट ओंकारेश्वरहून बडवाह, मंडलेश्वरमार्गे महेश्वरला जाऊन तिथून राऊला परतल्यास सुमारे २२० किलोमीटरमध्ये वर्तुळ पूर्ण होते.

मुक्काम बदलण्याचीही किंमत असतेच. बहुतेक हॉटेलांत सकाळी दहा-अकराच्या सुमारास खोली सोडावी लागते आणि नवी खोली दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान मिळते. मधला वेळ सामानासह गाडीत किंवा उपाहारगृहात जातो. त्यात सामान बांधणे आणि पुन्हा सोडणे धरले, तर प्रत्येक बदल अर्धा दिवस घेतो. पाच दिवसांत तीन हॉटेले केली, तर जवळजवळ दीड दिवस केवळ स्थलांतरात खर्ची पडेल. त्याचा ताण मुलांपेक्षा ज्येष्ठांना अधिक जाणवतो.

म्हणून मुक्काम विभागण्याची कसोटी एकच ठेवावी. नव्या ठिकाणी राहिल्याने अशी एखादी पहाट किंवा सायंकाळ मिळते का, जी दिवसाच्या फेरीत मिळणारच नाही? उत्तर ‘होय’ असेल, तरच सामान उचलावे.

ओंकारेश्वर : मुक्काम सार्थ ठरतो

या कसोटीवर ओंकारेश्वर निर्विवाद उतरते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेले हे स्थान नर्मदेतील मांधाता बेटावर आहे, तर ममलेश्वराचे प्राचीन मंदिर दक्षिण तीरावर. दिवसभर दोन्ही पुलांवर भाविकांची रीघ असते. पहाटेची मंगल आरती आणि रात्रीची शयन आरती मात्र मुक्कामी माणसालाच निवांत लाभते. शयन आरतीनंतर शिव-पार्वतीसाठी गाभाऱ्यात सारीपाट मांडून ठेवण्याची येथील प्रथा प्रसिद्ध आहे. बेटाची परिक्रमा सुमारे सात किलोमीटरची असून तिच्या वाटेवर गौरी सोमनाथ आणि सिद्धनाथ ही मंदिरे लागतात. दुपारच्या उन्हात तापलेल्या पायऱ्या चढण्यापेक्षा पहाटे निघणे केव्हाही श्रेयस्कर. मांधाता पर्वतावर सप्टेंबर २०२३मध्ये आदि शंकराचार्यांच्या १०८ फूट उंच मूर्तीचे अनावरण झाल्यापासून पाहण्याच्या ठिकाणांत आणखी एकाची भर पडली आहे.

इथे आणखी एक उपप्रश्न उद्भवतो. खोली बेटावर घ्यावी की तीरावर? वाहने पुलाअलीकडेच थांबतात. पुढे सामान हाती किंवा हमालाकरवी न्यावे लागते. गुडघेदुखी असलेल्या आजींसाठी तीरावरचीच खोली सोयीची. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाचा भक्तनिवास ओंकारेश्वरीही असल्याने मराठी कुटुंबांना तो आधार वाटतो. श्रावणी सोमवार, महाशिवरात्र, नर्मदा जयंती आणि सोमवती अमावास्येला मात्र खोली आणि वाहनतळ दोन्ही मिळणे कठीण होते.

पाण्याचे भान

नदीकाठी राहताना एका गोष्टीचे विस्मरण होऊ नये. ओंकारेश्वराच्या वरच्या अंगाला लागूनच धरण आहे आणि त्याहून वर पुनासाजवळ इंदिरासागर. वीजनिर्मितीसाठी किंवा अतिवृष्टीत पाणी सोडले, की खालची पातळी अल्पावधीत वाढते. ७ एप्रिल २००५ रोजी देवास जिल्ह्यातील धाराजी येथे अमावास्येच्या स्नानासाठी जमलेले अनेक भाविक अशाच अचानक आलेल्या लोंढ्यात प्राणास मुकले. पहाटे घाटावर जाता येणे हा मुक्कामाचा लाभ असला, तरी मुलांना पायऱ्यांखाली एकटे सोडू नये, आणि भोंगा वाजताच पाण्याबाहेर यावे.

हनुवंतिया : ऋतू पाहून ठरवा

हनुवंतियाला ‘टापू’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी तिथे रस्त्याने जाता येते. तीन बाजूंनी पसरलेले पाणी हेच त्याचे वैभव. मध्य प्रदेश पर्यटन विभागाने २०१६मध्ये येथे पहिला जल महोत्सव भरवला आणि जलक्रीडांमुळे हे ठिकाण नावारूपास आले. ज्या जलाशयावर हा आनंद उभा आहे, त्याच्या पोटात २००४मध्ये रिकामे करण्यात आलेले हरसूद गाव आहे, याचीही जाणीव पाहुण्याने ठेवावी.

पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतो, तेव्हा हिवाळ्यात इथला एक मुक्काम मुलांसाठी आनंदाचा ठरतो. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरून काठ उघडे पडतात. मे महिन्याच्या सुट्टीत केवळ बेटाच्या नावासाठी एवढा प्रवास करणे हिताचे नाही. धावती भेट मात्र कोणत्याही ऋतूत टाळावी, कारण जाऊन-येऊन सहा-सात तास रस्त्यावरच जातात.

महेश्वरचे तसे नाही. अहिल्याबाई होळकरांच्या या राजधानीत सायंकाळी घाटावरून नावेने निघून नदीच्या मध्यावरील खडकाळ बेटावरच्या बाणेश्वर मंदिरापर्यंत जाता येते. सूर्य मावळताना नावेत असायचे, तर रात्रीचा परतीचा घाट टाळण्यासाठी तिथेच थांबणे शहाणपणाचे.

होडी ठरवते तेव्हा

हा निर्णय सर्वत्र कुटुंबाच्या हाती नसतो. अंदमानात स्वराज द्वीप (पूर्वीचे हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (नील) इथे जाण्यासाठी समुद्रमार्गे बोटच धरावी लागते. बोटीच्या वेळा ठरलेल्या असतात आणि हवामान बिघडल्यास फेऱ्या रद्द होतात. तिथे मुक्काम विभागणे अपरिहार्य. मात्र विमानाच्या आदल्या रात्री विमानतळाच्याच बेटावर परतलेले असावे. नर्मदेवर पूल आणि रस्ते आहेत, म्हणून निवडीला वाव आहे.

हलकी पिशवी, दोन मुक्काम

सप्टेंबर २०२५पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, तर त्याहून महाग खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्यामुळे महागडी खोली हवीच असेल, तर ती एका रात्रीपुरती घ्यावी. आरक्षण करताना ते रद्द करण्याची मुदत आणि अतिरिक्त गादीचा दर विचारून घ्यावा.

फोंड्याच्या त्या कुटुंबासाठी हिशेब असा मांडता येतो : दोन रात्री ओंकारेश्वर, एक रात्र महेश्वर, उरलेली रात्र राऊ येथे मुलाच्या घरी. मोठ्या बॅगा राऊ येथेच ठेवाव्यात आणि माणशी एक हलकी पिशवी सोबत न्यावी. त्यामुळे मुक्काम बदलण्याचा निम्मा त्रास आपोआप वाचतो. हनुवंतिया हिवाळ्यातील पुढच्या फेरीसाठी राखावे.

अखेरचा शब्द मात्र कुटुंबातील सर्वांत थकलेल्या व्यक्तीचा असावा. आजींना दुसरा मुक्काम झेपणार नसेल, तर ओंकारेश्वरीच तिन्ही रात्री काढाव्यात. महेश्वर राहिले तरी चालेल; नर्मदेकाठची निवांत पहाट त्यांना मिळायला हवी.