बेशुद्ध रुग्णाचे पुनर्वसन
मस्तकास जबर आघात होऊन इस्पितळात दाखल झालेला मनुष्य शुद्धीवर आला म्हणजे मग त्याच्या पुनर्वसनाची तजवीज करू, असा जो समज आप्तेष्टांत रूढ असतो तो रुग्णास महाग पडतो. कारण सांधे आखडणे, स्नायू झिजणे आणि दाबव्रणे होणे हे अनिष्ट परिणाम शुद्धीची प्रतीक्षा करीत नाहीत. शुद्धीची पातळी मोजण्यासाठी ग्लासगो येथील डॉक्टर टीसडेल व जेनेट यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या मापनपद्धतीत नेत्र, वाणी व हालचाल यांस मिळून ३ ते १५ गुण देतात, आणि ८ किंवा त्याहून कमी गुण पडल्यास इजा गंभीर समजतात.

अशा रुग्णाचे शीर सुमारे ३० अंश उंच व मान सरळ ठेवून मस्तकातील रक्त परत वाहण्याचा मार्ग मोकळा राखणे, सामान्यतः दर २ तासांनी कूस पालटणे आणि सांधे हळुवार हलविणे, ही कामे परिचारिका आरंभीच हाती घेते. मात्र कवटीतील दाब चढता असेल तर त्यांतही डॉक्टरांची मुभा लागते.

शुद्ध येऊ लागताच मायेपोटी चमचाभर पाणी पाजण्याचा मोह (तो आपल्याकडे अंमळ अधिकच!) आवरावा, कारण गिळण्याची तपासणी होण्यापूर्वी पाजलेले पाणी श्वासनलिकेत उतरून फुफ्फुसदाह उद्भवू शकतो. याच काळात रुग्ण कित्येकदा शिवीगाळ करतो, नळ्या ओढतो. ते त्याच्या स्वभावाचे नव्हे, तर जखमी मेंदूचे लक्षण होय, आणि त्यावर दटावण्यापेक्षा खोलीतील गोंगाट कमी करून, भेटीस एका वेळी एकानेच जाऊन, आज वार कोणता व आपण कोठे आहोत हे त्यास पुनःपुन्हा शांतपणे सांगणे अधिक गुणकारी ठरते.