घाटाखालच्या पाण्याचा ताळेबंद



मालवणचा किल्ले सिंधुदुर्ग आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. चारी बाजूंनी खारा समुद्र, आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी : दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. साखरबाव हे नाव ऐकून ऊसवाल्याला गंमत वाटणारच. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम सुरू केले. भर समुद्रात शेकडो माणसे वेढ्यात राहू शकतील अशी जागा निवडायची, तर पाण्याचा विचार तटाच्या आधी करावा लागतो.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात किल्ल्यांविषयी लिहिताना हेच सांगून ठेवले आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे; एक झरा आहे म्हणून तेवढ्यावरच भिस्त ठेवू नये, कारण तोफांच्या दणक्याने झरा आटू शकतो; म्हणून टाकी-तळी बांधून साठा करावा आणि तो साठा जपून ठेवावा, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ आहे. हे अमात्य म्हणजे घाटमाथ्यावरचे, गगनबावड्याचे बावडेकर. करूळ आणि भुईबावडा घाट चढून वैभववाडी-कणकवलीचा ऊस ज्या बावड्याकडे जातो, तेच हे बावडा.

घाटाखाली पाण्याचा विषय काढला की पहिले उत्तर ठरलेले असते : "पावसाक काय कमी आसा?" पाऊस कमी नाही हे खरेच आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आंबोलीला तर त्याच्या दुपटीहून जास्त. पण हा पाऊस येतो मुख्यतः जून ते सप्टेंबर. खाली जांभा दगड. तो पाणी पितो भराभर आणि सोडतोही भराभर. सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्र हाकेच्या अंतरावर, उतार मोठा. श्रावणात दुथडी वाहणारा व्हाळ शिमग्यानंतर नुसता गोट्यांचा रस्ता होऊन बसतो.

आता जरा आकडे मांडू. एक एकर जमिनीवर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १ कोटी २१ लाख लिटर पाणी पडले. पाटाने पाणी देऊन घेतलेल्या एक एकर उसाला वर्षाला साधारण ८० लाख लिटर लागते. म्हणजे ज्या वावरात ऊस उभा आहे, त्याच वावरावर त्याच्या गरजेच्या दीडपट पाणी आभाळातून पडते! तरीही मार्च-एप्रिलमध्ये मोटर कोरडी फिरते आणि खोडवा पिवळा पडतो. खरी उणीव आहे ती पाणी अडवून मे महिन्यापर्यंत राखण्याची.

पावसाने उसाची निम्मी तहान भागवली असे धरले, तरी कोरड्या महिन्यांत एकरी ४० लाख लिटर द्यावे लागते. जलजीवन मिशनने २०१९ पासून माणशी रोज ५५ लिटरचे माप धरले आहे. सहा महिन्यांचे होतात माणशी सुमारे १० हजार लिटर. म्हणजे उन्हाळ्यात एक एकर ऊस जेवढे पाणी पितो, तेवढ्यात चारशे माणसांचे भागते. एक लहानशी वाडीच म्हणा ना! ऊस लावू नये असे सांगण्यासाठी हा हिशेब मांडलेला नाही. पण वाडीतल्या बाया हंडा घेऊन उभ्या राहतील तेव्हा त्या हाच हिशेब आपल्यापुढे ठेवणार आहेत, तेव्हा तो आपल्याला आधी ठाऊक असलेला बरा.

गडनदीचे उदाहरण घेऊ. ही नदी सह्याद्रीत उगम पावते, कणकवलीला जानवलीचे पाणी पोटात घेते, आणि मसुऱ्यावरून कालावलच्या खाडीला मिळते. वरच्या अंगाला नरडवे येथे तिच्यावर मध्यम प्रकल्प आहे. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या प्रश्नांनी तो कित्येक वर्षे रेंगाळला. त्याच्या पाण्यावर उद्या वरच्या गावांत ऊस वाढेल यात शंका नाही. पण खालच्या अंगाला मालवण तालुका आहे. तिथे भरतीचे पाणी रोज खाडीने आत येते. नदीची गोडी धार जोरात असली की ती त्याला रेटून धरते. धार बारीक झाली की खार वर चढतो आणि काठच्या बावी मचूळ होतात. एकदा विहीर मचूळ झाली की माड आणि गुरे दोघांचेही हाल. वर आपण उसाला एक पाळी जादा दिली, तर तिचा परिणाम वीस-पंचवीस मैलांवरच्या परसात दिसू शकतो. ऊसवाल्याला ती विहीर दिसत नाही, हीच अडचण आहे.

मालवण शहराच्या नळयोजनेला आधार आहे तो धामापूरच्या तलावाचा. हा तलाव १५३० सालचा. मातीच्या बांधाने दोन डोंगरांमधले पाणी अडवले आणि ते आजतागायत पुरते आहे. २०२० मध्ये या तलावाला आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता दिली. आम्हाला अभिमान आहेच. पण पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी केलेल्या तरतुदीवर आजचे शहर उभे आहे, ही गोष्ट थोडी खजील करणारीही आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. तारकर्ली-देवबागला पाहुण्यांची गर्दी होते ती मे महिन्यात. मुंबईचा चाकरमानीही मेमध्येच येतो, लग्ने तेव्हाच, आंबाही तेव्हाच. पाण्याची सर्वात जास्त ओढ आणि सर्वात कमी साठा एकाच महिन्यात गाठ पडतात. म्हणून कोकणाचा पाण्याचा ताळेबंद मे अखेरपासून मागे मोजत यायला हवा : ३१ मेला काय शिल्लक पाहिजे ते आधी ठरवायचे, पिण्याचे बाजूला काढायचे, नदीची धार जिवंत ठेवण्यापुरते खाली सोडायचे, आणि मग उरेल त्यावर लागणीचे एकर ठरवायचे. आज आपण उलटे करतो. धरण भरले की लागण धरतो आणि फेब्रुवारीत पाणी शोधत फिरतो.

मोठ्या प्रकल्पांचा अनुभव संमिश्र आहे. तिलारीचा महाराष्ट्र-गोवा करार १९९० सालचा. त्यात गोव्याचा वाटा ७३.३० टक्के आणि महाराष्ट्राचा २६.७० टक्के असा लिहून ठेवला आहे. कालवे फुटण्याच्या बातम्या येत राहतात, तो भाग वेगळा. पण पाण्याआधी वाटा कागदावर आला ही गोष्ट चांगली झाली. कर्लीवरचे टाळंबा धरण मात्र पिढी उलटली तरी पुरे झालेले नाही. आणि २०१९ मध्ये अरुणा प्रकल्पात पाणी अडवले तेव्हा आखवणे-भोम येथील घरे लोक पुरते बाहेर पडायच्या आत पाण्याखाली गेली. आपल्या पाटाला येणारे पाणी कुणाच्या तरी चुलीवरून येते, याचे भान ठेवून ते वापरावे एवढेच म्हणतो.

सभासदांच्या हातात काय आहे? २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणीवापर संस्थेला पाणी घनमापाने मोजून मिळू शकते, आणि त्याची वाटणी संस्थेने करायची असते. साखर कारखाना सहकारात चालवणाऱ्या माणसांना पाण्याची सोसायटी जड जाऊ नये. ती कालवा येण्यापूर्वी काढावी. कालवा आल्यावर, वरच्या टोकाचा गडी पाइप टाकून मोकळा झाल्यावर, सोसायटी म्हणजे निव्वळ भांडणाची बैठक होते.

ठिबकाने साधारण चाळीस टक्के पाणी वाचते. जांभ्याच्या पाझरत्या जमिनीत त्याचा उपयोग अधिकच. खोडव्यात पाचट पेटवू नका, सरीत दाबा. ओल टिकते आणि पाळी लांबते. शिवाय ऊसनोंदीच्या वेळी क्षेत्र आणि लागणीची तारीख लिहितो, तसे पाणी कोणते आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हेही खरे खरे लिहावे. पाणी नसताना नोंदलेला ऊस टनेज देत नाही, आणि तोडीचे वेळापत्रकही बिघडवतो.

राहता राहिला बंधारा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे पाऊस ओसरताच घातले पाहिजेत. बरगे गावात पडून आणि पाणी समुद्रात, असे होऊ देऊ नये. जिथे पक्का बंधारा नाही तिथे व्हाळावर वनराई बंधारा घालावा. खताची-सिमेंटची रिकामी पोती, त्यात वाळू-माती, आणि दहा-पंधरा माणसांचे एक दिवसाचे श्रमदान एवढेच त्याला लागते. पण तो घालायचा नोव्हेंबरात, धार चांगली असताना. त्यासाठी पोती दसऱ्यापासूनच जमवायला लागावे.