सीमा आता काउंटरवर आहे

मुंबईहून परदेशी निघालेल्या प्रवाशाच्या कागदपत्रांची पहिली खरी तपासणी इमिग्रेशनच्या खिडकीवर होत नाही, चेक-इन काउंटरवर होते. ज्या देशात जायचे तिथला अधिकारी हजारो किलोमीटर दूर असतो, आपल्या सरकारचा अधिकारी पुढच्या दालनात बसलेला असतो. त्या दोघांच्याही आधी विमान कंपनीचा, किंवा कंपनीने नेमलेल्या एजन्सीचा, एक कर्मचारी पासपोर्ट उघडतो आणि हा माणूस विमानात बसेल की नाही ते ठरवतो. त्याने नकार दिला की बोर्डिंग पास मिळत नाही, तिकिटाचे पैसे बहुधा बुडतात, पुढचे हॉटेल, लग्न, परीक्षा, नोकरीचा पहिला दिवस, सगळेच हुकते. पासपोर्टच्या अडचणींवर आपल्याकडे लिहिले जाते ते मुदत तपासा, नाव जुळवा, झेरॉक्स जवळ ठेवा या सल्ल्यापाशी थांबते. सल्ला योग्यच आहे. पण नकार देणारा कोण, तो कशाच्या भीतीने देतो आणि तो चुकला तर दाद कुठे मागायची, हे प्रश्न त्यात येत नाहीत. माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे: सरकारांनी सीमेवरचा निवाडा खासगी कंपन्यांच्या हाती दिला, आणि तो देताना प्रवाशाचे हक्क मात्र सोबत दिले नाहीत.

हे एका दिवसात घडलेले नाही. अमेरिकेने 1891 च्या कायद्यातच बंदरावरून परत पाठवलेल्या माणसांना स्वखर्चाने नेण्याची जबाबदारी जहाज कंपन्यांवर टाकली होती. 1944 च्या शिकागो करारातून नागरी विमान वाहतुकीचे जागतिक नियम उभे राहिले. त्याच्या नवव्या परिशिष्टानुसार प्रवाशाकडे पुढच्या देशाला लागणारी कागदपत्रे आहेत का, हे निघण्याच्या विमानतळावर पाहण्याची काळजी विमान कंपनीने घ्यायची असते. दंडाची धार आली ती पुढे. 1987 च्या सुरुवातीला श्रीलंकेतून जीव वाचवून आलेले तमिळ आश्रयार्थी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरले आणि त्याच वर्षी ब्रिटनने कायदा केला: योग्य कागदपत्रांशिवाय आणलेल्या प्रत्येक प्रवाशामागे कंपनीला 1000 पौंड दंड. काही वर्षांत तो 2000 पौंड झाला. युरोपीय संघाने 2001 मध्ये सदस्य देशांना सांगितले की दंडाची कमाल मर्यादा माणशी निदान 5000 युरो तरी असावी, किंवा किमान दंड 3000 युरोंहून कमी नसावा. भारतानेही 2000 साली असाच कायदा केला आणि दंड ठेवला एक लाख रुपये. 2025 च्या नव्या इमिग्रेशन कायद्याने त्याची जागा घेतली. शिवाय परत पाठवलेल्या माणसाला आणायचेही कंपनीनेच.

आता काउंटरवरच्या कर्मचाऱ्याच्या जागी उभे राहून पाहू. चुकीच्या माणसाला जाऊ दिले, तर कंपनीला दंड आणि त्याच्यावर ठपका. योग्य माणसाला अडवले, तर कंपनीला जवळजवळ काहीच नाही. ज्या व्यवस्थेत एका बाजूच्या चुकीला शिक्षा आहे आणि दुसऱ्या बाजूच्या चुकीला नाही, तिथे चुका दुसऱ्याच बाजूला साचत जाणार. कर्मचारी वाईट असतो असे मला म्हणायचे नाही. बहुतेक जण रात्रपाळीत, मागे पन्नास माणसांची रांग असताना, जमेल तितक्या प्रामाणिकपणे काम करतात.

पासपोर्टचा काही भाग यंत्र उत्तम तपासते. छायाचित्राच्या पानावर तळाशी 44-44 चिन्हांच्या दोन ओळी असतात. त्यात जन्मतारीख 12 ऑगस्ट 1974 असेल तर ती 740812 अशी छापतात. या सहा अंकांना डावीकडून अनुक्रमे 7, 3, 1, 7, 3, 1 ने गुणायचे. गुणाकार येतात 49, 12, 0, 56, 3 आणि 2, बेरीज 122. दहाने भागल्यावर उरतात 2, आणि तोच अंक तारखेला लागून पडताळ्यासाठी छापलेला असतो. पासपोर्टचा क्रमांक आणि संपण्याची तारीख यांनाही असाच अंक असतो. ओळ वाचताना एखादा आकडा चुकला तर यंत्राला बहुतेक वेळा लगेच कळते. पण हा माणूस त्या देशात जाऊ शकतो का, हे त्या ओळींत कुठेच लिहिलेले नसते. त्यासाठी कर्मचारी ‘टिमॅटिक’ नावाची, विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची माहितीप्रणाली उघडतो. नागरिकत्व, मुक्काम, वाटेतले थांबे, व्हिसा असे सगळे भरले की प्रणाली त्या देशाचा नियम दाखवते. नियमाचा अर्थ लावणे मात्र माणसाकडेच राहते.

आणि अर्थ लावताना चुका होतात, त्याही मोठ्या प्रमाणावर. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटिश प्रवाशांना शेंगेन देशांच्या दोन अटी लागू झाल्या. प्रवेशाच्या दिवशी पासपोर्ट दहा वर्षांपेक्षा जुना नसावा, आणि परतीच्या दिवसानंतर त्याची मुदत निदान तीन महिने उरलेली असावी. अटी दोन आणि एकमेकींपासून स्वतंत्र. पण 2018 पर्यंत ब्रिटनमध्ये जुन्या पासपोर्टची उरलेली मुदत नव्यात मिळवून देत, त्यामुळे दहा वर्षांहून अधिक मुदतीचे पासपोर्ट लोकांकडे होते. काही मोठ्या कंपन्यांनी दोन्ही अटी एकत्र करून पासपोर्ट पावणेदहा वर्षांतच बाद ठरवला आणि ज्यांना युरोपने आत घेतले असते अशांनाही घरी पाठवले. युरोपीय आयोगाने नियमाचा खुलासा केला तेव्हा कंपन्यांनी आपली पद्धत बदलली. इंग्रजी मातृभाषा असलेल्या, इंग्रजीत छापलेल्या पासपोर्टवाल्या प्रवाशांची ही गत. मग इतरांचे काय, हा विचार मनात येतोच.

आपल्याकडचे पासपोर्ट आणखी गुंतागुंतीचे, कारण आपली नावे. मराठी माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव असे तीन भागांत लिहितो; पासपोर्टमध्ये रकाने दोनच. मधले नाव पहिल्याला जोडले जाते, तिकिटावर दोन्ही मध्ये जागा न सोडता चिकटून छापली जातात, आणि लग्नानंतर तिकीट नव्या नावाने, पासपोर्ट माहेरच्या नावाने असे झाले की वाद उभा राहतो. ज्यांचे नाव एकच आहे त्यांची स्थिती आणखी बिकट. नोव्हेंबर 2022 मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश बंद केला. लगेचच खुलासा आला की दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असेल तर चालेल. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर तेव्हा सहसा वडिलांचे नाव असायचेच. मधल्या काळात ज्याचे विमान होते त्याचे काय झाले, ते त्या दिवशीच्या कर्मचाऱ्याने नियमाचे कोणते रूप वाचले यावर अवलंबून होते.

परदेशात स्थायिक झालेल्या आणि तिथले नागरिकत्व घेतलेल्या आपल्या माणसांनाही हा अनुभव नवा नाही. गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन लिस्बनला किंवा पुढे ब्रिटनला गेलेले कुटुंब घ्या. परकीय नागरिकत्व स्वीकारताच 1955 च्या कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व संपते, आणि मायदेशी यायला ओसीआय कार्ड किंवा व्हिसा लागतो. कार्डावर जुन्या पासपोर्टचा क्रमांक असेल तर तो रद्द झालेला पासपोर्टही जवळ हवा, असा नियम बराच काळ होता. तो नसल्याने परदेशी विमानतळांवर भारताकडे येणारे लोक अडले. 2021 मध्ये भारत सरकारने ही अट काढून टाकली.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. फ्रँकफर्टहून परत पाठवले जाण्यापेक्षा मुंबईतच थांबवले तर प्रवाशाचे भलेच होते. ज्याची कागदपत्रे खरोखर अपुरी आहेत त्याच्यापुरते हे पूर्ण खरे आहे. कोठडीतली रात्र आणि पासपोर्टवरचा नकाराचा शिक्का यापेक्षा घरी परतणे बरे. पण माझा मुद्दा चुकीच्या नकाराचा आहे, आणि तिथे हा युक्तिवाद लागू पडत नाही. शिवाय काही माणसांना आधीच थांबवणे भल्याचे नसते. छळातून पळणाऱ्याला छळणाऱ्या सरकारकडून पासपोर्ट आणि दुसऱ्या देशाकडून व्हिसा बहुधा मिळणार नसतो. 1951 च्या निर्वासित करारानुसार थेट संकटातून आलेल्या माणसाला केवळ बेकायदा प्रवेशासाठी शिक्षा करता येत नाही. काउंटरवरचा कर्मचारी शिक्षा करतच नाही. तो फक्त विमानात बसू देत नाही, आणि करार लागू होण्याची वेळच येत नाही. 1987 च्या ब्रिटिश कायद्यामागचा प्रसंग पाहिला तर हा परिणाम अनपेक्षित होता असे मला म्हणवत नाही.

दुसरा आक्षेप असा की आता सगळे डिजिटल होत आहे, माणसाच्या चुका संपतील. ब्रिटनचेच उदाहरण घेऊ. तिथे राहणाऱ्या परदेशी लोकांची बहुतेक प्लास्टिकची परवाना कार्डे 31 डिसेंबर 2024 ला संपली आणि त्यांची जागा ई-व्हिसाने घेतली. तो ऑनलाइन खात्यात असतो आणि पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेला असतो. लंडनला नोकरी करणारा पुणेकर सुट्टीत घरी आला, इथे पासपोर्ट नवा करून घेतला आणि खात्यात नवा क्रमांक भरायला विसरला, तर परतताना कंपनीच्या प्रणालीला त्याचा परवाना सापडत नाही. पूर्वी दाखवायला निदान कार्ड तरी होते. आता पडद्यावर नकार येतो आणि कर्मचाऱ्यालाही त्याचे कारण सांगता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: चुकीच्या नकाराबद्दल कंपनीला भरपाई द्यायला लावली तर ती दोन्हीकडून भरडली जाईल. पण युरोपात हे घडून गेले आहे. लार्नाकाहून बुखारेस्टला निघालेल्या कझाकस्तानच्या एका नागरिकाला कंपनीने विमानात घेतले नाही, कारण बुखारेस्टच्या विमानतळावरून तसे कळवण्यात आले होते. 30 एप्रिल 2020 रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: कागदपत्रे अपुरी आहेत असे कंपनीने म्हटले म्हणून प्रवाशाचे संरक्षण आपोआप जात नाही. वाद असेल तर नकार योग्य होता का, हे न्यायालय तपासेल. खुद्द सीमेवर प्रवेश नाकारला तर युरोपीय नियमांनुसार लेखी, कारणांसह आदेश द्यावा लागतो, याकडेही न्यायालयाने लक्ष वेधले. शिवाय कंपनी अगदी उघडी पडत नाही. वाजवी काळजी घेतली हे दाखवले तर दंड नको, असे शिकागो कराराचे परिशिष्टच सांगते, आणि 2001 च्या युरोपीय निर्देशात कंपन्यांना बचावाचा आणि अपिलाचा हक्क लिहून दिलेला आहे. कंपनीला जो हक्क मिळतो तो प्रवाशाला नाकारण्याचे कारण मला सापडत नाही.

भारतात जादा बुकिंगमुळे जागा नाकारली तर नागरी विमान महासंचालनालयाच्या नियमानुसार भरपाई मिळते. कागदपत्रांचे कारण सांगून चुकीने नाकारली तर प्रवाशाला 2019 च्या कायद्याखाली ग्राहक आयोगाचे दार ठोठावावे लागते, आणि तिथे त्याच्या हाती बहुधा पुरावाच नसतो, कारण ‘ऑफलोड’ करताना, म्हणजे विमानातून वगळताना, कोणी लिहून देत नाही. महासंचालनालयाने एवढी एक गोष्ट सक्तीची करावी: नाकारताना एक कागद द्यायचा, त्यावर कोणत्या देशाचा कोणता नियम, टिमॅटिकने त्या क्षणी काय दाखवले, तारीख, वेळ आणि ड्युटी मॅनेजरची सही. टिमॅटिकची नोंद पडद्यावर असतेच, छापायला मिनिट लागत नाही. तोवर प्रवाशाने आपल्या मुक्कामाच्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नियम, वाटेतल्या विमानतळाचा ट्रान्झिट व्हिसाचा नियम आणि पंधरा वर्षांखालील मुलांच्या पासपोर्टची मुदत, जी मोठ्यांसारखी दहा नव्हे तर जास्तीत जास्त पाच वर्षांची असते, हे निघण्यापूर्वी तपासावे, नियम छापून जवळ ठेवावेत आणि नकार मिळालाच तर शांतपणे ड्युटी मॅनेजरला बोलावून तो कागद मागावा. देणार नसतील तर कर्मचाऱ्याचे नाव आणि वेळ लिहून घ्यावी, आणि त्याच दिवशी कंपनीला ईमेल करावा.