प्रसूतिवेदना आणि संमती

कळांनी व्याकुळ झालेल्या स्त्रीपुढे कागद धरून तिची सही घेतली, तर ती खरी संमती ठरेल काय? १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने स्वेच्छेने दिलेली संमती ही मानवावरील प्रयोगाची पहिली अट ठरविली. परंतु स्वेच्छेला विचाराची उसंत लागते, आणि प्रसूतीच्या घटकेला नेमकी तीच नसते. शिवाय आपण नकार दिला तर डॉक्टर दुर्लक्ष करतील, ही धास्तीही मनात असते.

मग अशा स्त्रियांवर संशोधनच करू नये, असे म्हणावे काय? तसे म्हणणे सोपे आहे. पण बाळंतपणातील रक्तस्रावाने स्त्रिया दगावतात, आणि तो थांबविणाऱ्या औषधाची खरी परीक्षा बाळंतिणीवाचून होऊ शकत नाही. संशोधन टाळल्याने धोका टळत नाही. तो केवळ अज्ञात राहतो.

या दृष्टीने बेळगाव जिल्ह्यातील एक प्रयोग विचारात घेण्याजोगा आहे. २००२ ते २००५ या काळात तेथील खेड्यांतील १,६२० स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांना प्रसूतीनंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देण्यात आल्या. उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या मिळाल्या. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. औषधाविना शेकडा १२ स्त्रियांना अतिरक्तस्राव झाला होता. औषधाने ते प्रमाण शेकडा ६.४ वर आले.

औषधाविना राहिलेल्या स्त्रियांवर हा अन्याय नव्हे काय? तेथील परिचारिकांना त्या वेळी गर्भाशय आकुंचित करणारे औषध देण्याची मुभा नव्हती. तेव्हा मिळत असलेला उपचार कोणाचाही काढून घेतला गेला नाही. मात्र हे समर्थन गुण सिद्ध होईपर्यंतच टिकते. त्यानंतर ते औषध खेड्यापाड्यांतील बाळंतिणींना मिळालेच पाहिजे. एरवी त्यांचा केवळ साधन म्हणून उपयोग केल्यासारखे होईल. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव टाळण्यासाठी या औषधाचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

मग विचारावे केव्हा? कळा सुरू होण्यापूर्वी, गरोदरपणातील तपासणीच्या वेळी, तिच्या भाषेत, आणि सासूला वा पतीला नव्हे, तर तिलाच. प्रसूतीच्या वेळी तिने मन बदलले, तर तो नकारही तितक्याच आदराने स्वीकारावा, आणि तिच्या शुश्रूषेत तिळमात्र उणीव येऊ देऊ नये. नकार निर्भयपणे देता येतो, तेथेच होकाराला अर्थ असतो.